नावाडणीचा नकार

दवाखान्यामागच्या बोळात, तळमजल्यावर तिचं दुकान होतं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, गुलाबी मेणाची हिरडी घडवायची आणि तिच्यात एकेक दात बसवायची. एखादा मुद्दाम जरा तिरका. सगळे दात ओळीने सरळ लावले की माणूस खोटं हसल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं होतं. वस्तीतली निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी जेवत होती, म्हणून ती सगळ्यांची दातवाली मावशी. सख्खी मावशी मात्र ती एकाच मुलीची होती.

ही भाची लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, कधीच गेली होती. त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मावशीचं दुकान आणि त्यावरची एक खोली. दिवस भरत आले असताना भाचीचं बाळ पोटातच गेलं. नाळेला गाठ बसली होती, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण असल्या उत्तराने घराचं समाधान होत नाही. घराला बोट दाखवायला कुणीतरी लागतं.

भाचीची सासू तशी वाईट बाई नव्हती. तिने बाळासाठी टोपड्यांचा ढीग विणून ठेवला होता, आणि तो कपाटात ठेवावा की कुणाला द्यावा हेच तिला समजत नव्हतं. रविवारी सकाळी ती एका सभेला जायची. तिथले प्रवचनकार चांगलं बोलायचे, आवाजही गोड. सासूने त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. प्रवचनकार म्हणाले, दुःख विनाकारण येत नाही. बाळाच्या आईने सभेत उभं राहून आपली चूक बोलून दाखवली की घरावरचं मळभ जाईल. चूक शोधायला लांब जावं लागलं नाही. शेवटच्या महिन्यापर्यंत ही पोरगी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गाडीचे धक्के खात होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. नवरा मध्ये पडला नाही. एवढं बोलून टाक, आईला बरं वाटेल, असं म्हणून तो मोकळा झाला.

भाची दुपारी दुकानात आली तेव्हा मावशी एक कवळी घासत होती. यंत्राच्या आवाजात तिला पहिलं वाक्य ऐकू आलं नाही. तिने यंत्र बंद केलं.

"मी येत्या रविवारी बोलून टाकते," भाची परत म्हणाली. "कदाचित ते खरंही असेल, मावशी."

या शेवटच्या वाक्याने मावशी घाबरली. चारचौघांनी दोष दिला तर माणूस भांडतो; तो दोष त्याचा त्यालाच पटायला लागला की संपलं. तिने हात पुसले, भाचीला स्टुलावर बसवलं आणि आजवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली गोष्ट सलग सांगितली.

मावशीची मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली. तापाने फणफणलेलं पोर घरात, आणि आई लोकांच्या तोंडाचे साचे घेऊन बसलेली, असं सासरचे म्हणाले. खरं तर त्या दिवशी दुकानातून धावत येऊन तिनेच मुलीला दवाखान्यात नेलं होतं. पण सासरच्या थोरल्यांनी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं. ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द म्हण, मग तुला कुणी काही बोलणार नाही, असं सांगितलं. विचार करायला रात्र दिली.

त्या काळात ती एक जाडजूड जुनी कादंबरी वाचत होती. शाळेत सगळ्यांना त्यातला एखादा उतारा असायचा, त्यामुळे पुढे जन्मात कुणी ती उघडत नसे. नदीकाठच्या गावातली एक नावाडीण, तिचा मुलगा बुडतो. पंच ठरवतात की तिच्या पापाने नदी कोपली. पाप कबूल करीपर्यंत तिच्या नावेत कुणी पाय ठेवायचा नाही. नावाडीण काठावर येते आणि म्हणते, "मुलगा नदीने नेला, तेव्हा जाब नदीला विचारा. माझ्याकडे नाव आहे. ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने बसावं." आणि रिकामी नाव घेऊन ती रोज पलीकडे जाते, रोज परत येते.

"त्या रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते पान वाचलं," मावशी म्हणाली. "तोवर मला वाटायचं, देव थोरल्यांच्या रांगेत बसतो. त्या पानावर तो मला रिकाम्या नावेत बसलेला दिसला. सकाळी मी दोन शब्द म्हटले नाहीत. बॅग भरली."

आपल्या नवऱ्याने अडवलं नाही, हे तिने सांगितलं नाही. भाचीला ते ठाऊक होतं. मावशीने शेल्फावरून कादंबरी काढून तिच्या हातात दिली. पानांच्या घड्यांत प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली होती.

रविवारी दोघी सभेला गेल्या. दिवाणखान्याएवढी खोली, पंख्याखाली खुर्च्यांच्या रांगा, पुढे टेबलावर फुलांचा गुच्छ. मावशीने पुस्तक पिशवीत घेतलं होतं आणि मनातल्या मनात भाषण पाठ केलं होतं. पोरगी डगमगली तर आपण उभं राहायचं, असं ठरवून ती दुसऱ्या रांगेत बसली. प्रवचनकार हसून बोलायला लागले. त्या प्रेमळ हसण्यातला वरचा तिरका दात तिने स्वतः बसवला होता. तो असाच शोभतो, असं वाटून तिला क्षणभर स्वतःचाच राग आला.

प्रवचनकारांनी भाचीला पुढे बोलावलं. ती उभी राहिली. सासू खुर्चीच्या कडेला सरकली.

"माझं काही चुकलेलं नाही," भाची म्हणाली. "माझं बाळ गेलं. मी इथे रडायला आलेय. कबूल करायला नाही."

आणि ती खरंच रडली. तोंड न झाकता, नाक ओढत, सगळ्यांच्या समोर. खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना. प्रवचनकारांनी मऊ आवाजात समजावलं, की मन अजून तयार नाही, अहंकार आड येतो. तेव्हा मावशी उठली. पाठ केलेलं भाषण तिला आठवेना, म्हणून तिने सरळ पुस्तक काढलं आणि ते पान वाचायला घेतलं.

"ताई, ही कादंबरी आहे," प्रवचनकार मध्येच म्हणाले. "मनाने रचलेली गोष्ट. अशा ठिकाणी तिचा काय उपयोग?"

"ती नावाडीण जन्मली नाही, हे मलाही कळतं," मावशी म्हणाली. "पण माझी मुलगी गेली तेव्हा माझ्या शेजारी तीच उभी होती. जन्मलेल्यांपैकी कुणी नव्हतं."

तिने पान शेवटपर्यंत वाचलं, थांबवलं तरी वाचलं. मग दोघींना बाहेर जायला सांगण्यात आलं, आणि त्या ताठ मानेने गेल्या. सासू जागची हलली नाही.

भाची मावशीच्या खोलीवर राहिली. नवरा दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दारातच घुटमळला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने अट सांगितली: सभेत नको, चारचौघांत नको, पण घरात, स्वयंपाकघरात उभं राहून सासूने आणि त्याने म्हणावं की तिची चूक नव्हती. तो म्हणाला, मी आत्ताच म्हणतो. ती म्हणाली, आत्ता नको, आईसमोर म्हण. त्याला ते जड गेलं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. पण त्याने स्वयंपाकघरात, आईसमोर ते म्हटलं. सासूने मात्र पुष्कळ दिवस घेतले. शेवटी एका संध्याकाळी भाची आपले कपडे न्यायला गेली असताना सासू टोपड्यांचा ढीग घेऊन समोर बसली आणि म्हणाली, नाळेची गाठ होती गं, तू काय करणार. मग दोघी टोपडी उसवत बसल्या. सासूच्या सभेला जाण्यात खंड पडला नाही; भाचीनेही तिला कधी अडवलं नाही.

भाची सासरी राहायला गेली, पुन्हा गाडीत बसली, शिकाऊ लोकांचे धक्के खाऊ लागली. रविवारी सकाळी ती मावशीकडे यायची. कादंबरी तिने संपवली होती आणि त्यावरून मावशीशी तिचं अजिबात पटत नव्हतं. नावाडीण तिला फारशी आवडली नव्हती. तिला आवडला होता नावाडणीचा नवरा, जो रोज संध्याकाळी काठावर बसून मुलाच्या नावाने मोठ्याने रडतो आणि गावाची चेष्टा सहन करतो.

"तो बुळा," मावशी म्हणाली. "बाई एकटी वल्हं मारतेय आणि हा बसून रडतोय."

"नावाडीण एकदाही रडत नाही, मावशी. आठशे पानांत एकदाही नाही." भाची म्हणाली. "तू तरी कधी रडलीस?"

मावशीने यंत्र सुरू केलं. दोन कवळ्या घासून काढल्या. मग यंत्र बंद करून म्हणाली, की त्या नवऱ्याची प्रकरणं तिने आजवर नीट वाचलेली नाहीत, नेहमी पानं उलटून पुढे जायची.

"वाच की मग," भाची म्हणाली.

तिने वाचली. दुपारभर, चष्मा पुसत, हातातलं काम बाजूला ठेवून. मध्ये एकदा उठून तिने मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्यावर मावशीने पुस्तक पुन्हा उघडलं.

"तरी मी त्याला बुळाच म्हणणार," ती म्हणाली, आणि पुढचं पान मोठ्याने वाचू लागली.