टर्बनची पकड

पार्लरच्या काचेवर जिचा फोटो होता, ती आत रिसेप्शनवर बसायची. फोटोत तिची फक्त पाठ होती आणि पाठीवरून कमरेखाली उतरलेले केस. चेहरा घ्यायची गरज पार्लरच्या मालकीण मॅडमना वाटली नव्हती. पार्लरात सगळे तिला शेपटी म्हणत. नवं गिऱ्हाईक आधी तिला उठून वळायला सांगे, मगच खुर्चीत बसे. केस एवढीच हिची इस्टेट, असं तिची सख्खी आई चारचौघांत सांगायची.

ही इस्टेट एका मंगळवारी चाळीस मिनिटांत गेली. केस सरळ करायचं नवं औषध आलं होतं आणि ते गिऱ्हाइकाआधी कुणावर तरी लावून पाहायला हवं होतं. उस्तादने, म्हणजे पार्लरच्या मुख्य कारागिराने, ते शेपटीला लावलं. वीस मिनिटं ठेवायचं होतं. तेवढ्यात त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. मेव्हणा बोलका होता. नंतर बेसिनमध्ये पाणी सोडलं, तर केस पाण्याबरोबर निघाले.

"ओरडू नकोस," मॅडम म्हणाल्या, "बाहेर गिऱ्हाईक बसलंय."

उरलेसुरले मशीनने काढावे लागले. मॅडमनी आपला मोरपंखी स्टोल काढला, मोबाइलवर बघून बघून तिच्या डोक्याला टर्बन बांधला. मानेमागून पुढे, कपाळावर पीळ, टोकं आत.

"कुणी विचारलं तर फॅशन म्हणायचं. केस काय, वाढतात. पण हे बाहेर कळलं तर उद्या इथे माशासुद्धा येणार नाहीत."

काचेवरचा फोटो तसाच राहिला.

"अय्या, कसला गोड दिसतोय!" पहिलीच बाई म्हणाली. "एवढे केस आत मावले कसे गं?"

"सवयीने," शेपटी म्हणाली.

महिन्याभरात दर शनिवारी टर्बनचा वर्ग सुरू झाला. उंच स्टुलावर शेपटी, समोर आरशात डझनभर बायका. टर्बन तिच्या डोक्यावरून सोडायचा नाही. त्याच्यावरूनच दुसरं कापड गुंडाळून दाखवायचं. बायकांचे टर्बन दर पाच मिनिटांनी नाकावर यायचे. तिचा जागचा हलायचा नाही.

"हातात कला आहे तिच्या," मॅडम सांगायच्या.

कला केसांच्या खुंटांत होती. चार दिवसांच्या खुंटांवर कापड असं धरून बसतं, की ओढलं तर डोकं बरोबर येईल. हे कळायला एक वर्ग वाया गेला. केस बोटभर वाढून मऊ झाले होते, त्या शनिवारी तिचा टर्बन भुवईवर उतरला आणि मागच्या दोघी खुसखुसल्या. मंगळवारी उस्ताद मशीन घेऊन हजर.

"मॅडम, आत्ता कुठे यायला लागलेत हो."

"सहा महिने फक्त. मग वाढव खुशाल. मुलीसारखी आहेस म्हणून सांगते."

"तुमच्या मुलीचे..."

"तिचा विषय वेगळा."

तेव्हापासून दर मंगळवारी मशीन. दर सोमवारी आई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. "ओल्या भिंतीला शेवाळ धरावं तसं दिसतंय नुसतं," असं म्हणून ती हात पदराला पुसायची. शेपटी कॅलेंडरवर आठवडे खोडत होती.

शेवटच्या शनिवारी एक नवी बाई आली. लोकरीची टोपी कानांखाली ओढलेली, भुवया नाहीत. कोपऱ्यात बसून तिने सगळं मन लावून पाहिलं आणि शेवटी हळूच विचारलं, "ताई, केसच नसले तर टिकतं का हो हे? माझे औषधांनी गेलेत."

शेपटीला सगळं माहीत होतं. आत पातळ सुती टोपी हवी, पहिला वेढा कानामागून खाली घ्यायचा, रेशीम नको, मानेला वारा लागतो तिथे दुहेरी घडी. पाच मिनिटांचं काम होतं. आरशातून मॅडम तिच्याकडे पाहत होत्या. आणि ही सहा महिन्यांतली शेवटची दहा मिनिटं होती.

"नाही टिकत," शेपटी म्हणाली. "घसरतं. माझाही आतल्या अंबाड्यावरच बसतो."

"हो का? नाही, मी आपलं सहज विचारलं," बाई म्हणाली आणि आणलेल्या नव्या स्टोलची घडी घालू लागली. घडी दोनदा चुकली.

"तुमची टोपी छानच आहे की," शेजारची बाई मायेने म्हणाली.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी शेपटीला जवळ घेतलं. "जिंकलंस! पुढच्या चार महिन्यांचे वर्ग भरलेत आपले."

"पण मॅडम, सहा महिने झाले."

"झाले ना. पण आता बोटभर केस घेऊन तू बसलीस, तर ती बिचारी काय म्हणेल? बाकीच्या काय म्हणतील? आजारी बाईशी खोटं कोण बोललं, मी?" मॅडमनी तिच्या टर्बनचा पीळ नीट केला. "फोटोएवढे होऊ देत, मग सोड."

"फोटोएवढे व्हायला वर्षं लागतील. आणि दर मंगळवारी..."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी उस्तादने मशीन लावलं. "मान खाली," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेव्हणा होता.

"नंतर बोलतो रे," उस्ताद म्हणाला. "कामात आहे."