दवाचं पाणी

साहेबाने एक घोट घेतला, उरलेल्या पाण्याने खळखळून चूळ भरली आणि सोमारीच्या सारवलेल्या अंगणात पचकन टाकली. तिला शिसारी आली. दोन पहाटे, उन्हं यायच्या आत, धुतलेलं लुगडं गवतावरून ओढून, पिळून पिळून तिने तेवढं दव जमवलं होतं. डबक्याचं गढूळ पाणी पाव्हण्याला द्यायचं नाही, ही त्या रानातल्या गावाची रीत. त्यात हा पाव्हणा विहिरीची जागा पाहायला तालुक्याच्या गावाहून, चामोर्शीहून आलेला.

"गोड आहे हो. कुठलं पाणी?"

"दवाचं जी. हवेतलं," सोमारी भोळेपणाने बोलून गेली.

झालं! साहेब खूश. तिला गवतात उभं करून पुन्हा लुगडं पिळायला लावलं, फोटो काढला. "देवाने हवेतच नळ बसवून दिलाय तुम्हाला. मग विहीर कशाला?"

"पूस-माघातच पडते जी दव. चैतात गवत बी नाई रायत. तवा आमी नदीची रेती उकरतो."

साहेब हसला. माणसाला निदान लाज तरी असावी! वही मिटून तो जीपमध्ये बसला आणि विहीर दुसऱ्याच गावाला गेली.

वैशाखात नदीच्या रेतीतलं पाणीही आटलं. गाव डबक्यावर आलं. शेजारच्या लालसूची तीन वर्षांची पोर हगवणीने गेली. सोमारीला कुणी बोल लावला नाही. लालसू एवढंच म्हणाला, "बाई, तू काऊन देलं त्याले ते पानी?" तेव्हापासून तिला स्वतःच्याच पाहुणचाराची किळस वाटायला लागली.

पुढच्या पौषात दुसरा साहेब विहिरीची जागा पाहायला आला. त्या सकाळी गवत दवाने ओलंचिंब होतं. सोमारीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती डबक्यावर गेली, गुरांना हाकललं आणि तांब्या भरून आणला. पाणी गाळलंसुद्धा नाही.

"शी! हे काय?" साहेबाने नाक दाबलं.

"आमचं पानी जी. आमी हेच पेतो."

अंगणात उभ्या लालसूने मान खाली घातली. पाव्हण्यापुढे असलं पाणी त्या गावात आजवर कुणी धरलं नव्हतं. सोमारीलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिने तांब्या मागे घेतला नाही.