दहापर्यंत मोजणं

माझं सलून आहे, आणि तिथे माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, असं बायको म्हणते. खोटं नाही. पण आमची गुंडी साडेतीन वर्षांची झाली तरी 'अं'च्या पुढे जाईना. तपासून घेतलं तर कान ठणठणीत निघाले. होईल आपोआप, असं आई म्हणत राहिली. मला मात्र धीर धरवेना. माझ्या लेकीचा शब्द मला ऐकायचा होता, एवढंच. शेवटी आम्ही तिघं स्पीच थेरपिस्टकडे गेलो.

मॅडमनी गुंडीला नाव विचारलं. मी सांगितलं. कुत्र्याचं चित्र दाखवून हे कोण म्हणून विचारलं. तेही मीच सांगितलं, वर आमच्या गल्लीतल्या कुत्र्याची हकिगत जोडली. मग त्यांनी साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट झाकण लावून तिच्या हातात दिली. गुंडीने ती माझ्यापुढे धरली, 'अं' केलं आणि मी झटकन झाकण उघडलं. बायकोने कपाळाला हात लावला.

"तुमचा दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला वेळ जास्त लागतो आणि तुम्हाला अजिबात लागत नाही. तिने काही मागितलं की तिच्याकडे बघायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच द्यायचं."

दहा म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी चारलाच हात टेकले. त्यातून माझ्या मनात काही राहतच नाही, आकडेसुद्धा तोंडावाटे बाहेर पडायचे. बायको डोळे वटारायची. मी माफी मागायचो आणि पुन्हा एकपासून सुरू करायचो.

दुपारी गुंडी सलूनमध्येच असायची. केसांवर पाणी मारायचा फवारा म्हणजे तिचा जीव की प्राण. तो मी आरशावरच्या फळीवर ठेवून दिला. तिने बोट दाखवलं की मी हातातलं काम थांबवून मोजायचो आणि गिऱ्हाईक गालांवर फेस घेऊन वाट बघायचं. कुणी 'द्या की बिचारीला' म्हणालंच, तर बाकीचे त्याला गप्प करायचे. हळूहळू तेही माझ्याबरोबर मोजायला लागले. मनात मोजण्याची तर पार वाट लागली होती.

एका शनिवारी दुकान गच्च भरलं होतं. खुर्चीत पोस्टमनकाका होते. गुंडीने फळीकडे बोट दाखवलं आणि आमचं मोजणं सुरू झालं. सात, आठ, नऊ... आणि काकांना अशी शिंक आली की फेस थेट आरशावर उडाला. सगळे पोट धरून हसायला लागले. मोजणं नऊवरच राहिलं.

गुंडीला हसू आलं नाही. तिने कमरेवर हात ठेवले आणि आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"दहा," ती म्हणाली.

मी फवारा काढून तिच्या हातात दिला. शाबासकी द्यायला तोंड उघडलं. पण काही केल्या मला बोलता येईना. काका माझ्या वतीने काहीतरी बोलायला गेले, तर शेजारच्याने त्यांचा हात दाबला.

गुंडी फवारा पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी बोलेपर्यंत तिने तो एकदाही उडवला नाही.