तांगीचा बांध

"थांब. ती आकृती परत काढ."

सोफियानने खडू हातातच ठेवून मान वळवली. "मादाम, वीस मिनिटांत सगळं बसवायचंय. गुरुवारी मुलाखतीला ती माणसं घड्याळ लावून बसणारेत."

"काढ रे. आणि कोपरा जरा चिंचोळा काढ. आहे त्याहून चिंचोळा."

त्याने काढला. आर्मेल तांगी खिडकीजवळच्या खुर्चीतून फळ्याकडे बघत राहिली.

सोफियानचं प्रमेय ऐकायला साधं होतं. एका विशिष्ट प्रकारच्या भूमितीय अवकाशात कितीही गुंतागुंतीची वस्तू घ्या; मोजक्या काही चकत्या एकमेकींना जोडत गेलं, की ती वस्तू तयार होते. त्या चकत्या ओळखल्या की सगळं जग ओळखलं. फक्त एका गोष्टीची हमी लागायची: वस्तूंच्या मधे ताणलेल्या पट्ट्या अनंताकडे पळून जाता कामा नयेत. ती हमी आर्मेलची होती. एकोणतीस वर्षांपूर्वी तिने प्रबंधात दिलेली. गेरांदच्या मिठागरात जन्म काढलेल्या बापाला तिने तेव्हा ती समजावून सांगितली होती. तो म्हणाला होता, "म्हणजे बांध घालतेस. पाणी पळू नये म्हणून." तिने हे एकदा कुणाला तरी सांगितलं, आणि नाव पडलं: तांगीचा बांध.

त्यानंतर तिच्या हातून दुसरं काही मोठं झालं नाही. प्राध्यापकपद हुकलं ते हुकलंच. नवरा बोर्दोला निघून गेला. ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत राहिली, समित्यांवर बसली, वेळापत्रकं लावली. पण दर वर्षी कुठे ना कुठे कुणीतरी लिहायचंच, 'तांगीच्या बांधानुसार'. तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

आता त्या चिंचोळ्या कोपऱ्यात एक पट्टी तिला दिसली. पट्टी बारीक होत होती, लांब होत होती, आणि हळूहळू बाहेर सरकत होती. आता अडेल, मग अडेल म्हणून आर्मेल वाट बघत राहिली. अडायलाच हवी, प्रबंधाच्या एक्केचाळिसाव्या पानावर तसं लिहिलंय. मग तिला ते पान आठवलं. कोपऱ्याची रुंदी कधी शून्याकडे जाणार नाही, असं ती तिथे धरूनच चालली होती. लिहिलं मात्र कुठेच नव्हतं.

"छान झालंय," ती म्हणाली. "जरा सावकाश बोल."

सोफियानने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग फळा पुसायला घेतला, आणि आधी ती आकृती पुसली.

हे सोमवारचं. मंगळवारभर ती खोलीचं दार लावून बसली. कोपरा फुगवून बघितला, चकत्या हलवून बघितल्या, मोजण्याची पद्धतच बदलली. दर वेळी पट्टी दुसरीकडून निसटायची. एक जादा अट घातली तर बांध टिकत होता, पण मग सोफियानच्या प्रमेयात दहा वर्षांपूर्वी माहीत होतं तेवढंच उरत होतं. बुधवारी अकराच्या बैठकीत तिने भलत्याच कागदावर सही केली. दुपारी तिने सोफियानला एर्द्र नदीच्या काठावर बोलावलं.

तो छत्तीस वर्षांचा होता. सात वर्षांत चार शहरं, सगळीकडे एकेका वर्षाची नेमणूक. ऑगस्टमध्ये हीही संपणार होती. गुरुवारची मुलाखत कायमच्या जागेसाठी होती, दक्षिणेतल्या एका विद्यापीठात. बायको आणि मुलगी ट्युनिशियात, स्फॅक्सला.

"सोफियान, बांध फुटलाय."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "माहितेय."

"काय माहितेय?"

"तो कोपरा. जानेवारीपासून माहितेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होतो, मादाम? तुमचं एकच तर..." त्याने जीभ चावली.

"बोल की. म्हातारीचं एकच तर प्रमेय आहे. म्हण."

"माझंही त्याच्यावरच उभंय ना! तुमचं पाडलं की माझंही पडलं. म्हटलं, दुरुस्त करून मगच सांगू. चार महिने डोकं आपटतोय." मग तो एकदम वळला. "तुम्हाला काही सुचलं? काहीतरी?"

त्याच्या आवाजातली आशा तिला सोसवेना. "नाही रे," ती म्हणाली.

"उद्यापर्यंत गप्प बसा, मादाम. हात जोडतो. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत. त्या खोलीत बारा जण असतील. एकोणतीस वर्षं कुणाला दिसलं नाही, त्यांना वीस मिनिटांत काय दिसणार?"

"आणि नोकरी लागल्यावर?"

"मग सांगू. दोघं मिळून सांगू."

"सांगवेल तुला तेव्हा?"

"मुलगी सहा वर्षांची झाली," तो म्हणाला. "मी घरी गेलो की आईच्या मागे लपते. फोनवर मात्र खूप बोलते."

आर्मेल हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "गाडी कितीची?"

"सहा दहाची."

"काहीतरी खाऊन जा."

गुरुवारी सकाळी तिने बांधातली चूक कबूल करणारं दीड पान लिहून काढलं. नियतकालिकाच्या संपादकाचा पत्ता घातला. आता फक्त पाठवायचं होतं. सिद्धता कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही, हे तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सुनावलं होतं. ती बसून राहिली. पाठवलं असतं तर स्वतःचं तोंड बघवलं नसतं. पाठवत नव्हती, तरी बघवत नव्हतं. एक वाजला, दोन वाजले. पत्र तिथेच होतं.

चारला फोन आला. मागे स्टेशनातल्या घोषणा ऐकू येत होत्या.

"झालं?"

"झालं."

"कुणी विचारलं?"

"कुण्णी नाही. एक जण तर सारखा मान डोलावत होता. पंधराव्या मिनिटाला तो कोपरा आला आणि माझा हातच थांबला. म्हटलं, हे खोटं आहे. उरलेली पाच मिनिटं पट्टी बाहेर कशी जाते तेच दाखवत बसलो."

"अरे वेड्या! मग?"

"मग काय. अध्यक्षबाईंनी पाणी दिलं." तो थांबला. "तुमचं नाव घ्यावं लागलं, मादाम. माफ करा."

आर्मेलने टेबलाची कड घट्ट धरली. "का केलंस रे?"

"काय माहीत. कुणी विचारलं असतं ना, तर मी खोटं रेटून नेलं असतं. तयारी करून गेलो होतो. पण कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. ते नाही सोसलं."

पुढच्या मंगळवारी पसंतीक्रमाची यादी लागली. पाच नावं होती, त्याचं नव्हतं. आर्मेलने सहा ओळखीच्यांना पत्रं टाकली. कुठे वर्षाची, सहा महिन्यांची, कसलीही जागा मिळेल का म्हणून. सहाही उत्तरं सभ्य होती. ऑगस्टअखेर सोफियानने खोलीची किल्ली कार्यालयात जमा केली. निरोप घेताना तिला खूप बोलायचं होतं. तिच्या तोंडून निघालं एवढंच, की स्फॅक्सला ऊन फार असेल. तो म्हणाला, हो, असतं.

विभागाच्या चर्चासत्रातलं सप्टेंबरचं पहिलं व्याख्यान तिने स्वतःसाठी मागून घेतलं. चौदा माणसं आली. तिने फळ्यावर बांध लिहिला, प्रबंधात होता तसा, शब्दन्‌शब्द. "हे मी सिद्ध केलंय असं मी एकोणतीस वर्षं समजत होते," ती म्हणाली, आणि शेजारी तो कोपरा काढला. पट्टी एकेक पायरीने बाहेर काढून दाखवायला तिला चाळीस मिनिटं लागली. मधे कुणी हललं नाही. शेवटी टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

पुढच्या रांगेतल्या नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "हे उदाहरण तुमचं?"

"नाही. सोफियान मेझगानीचं."

"ते कुठे असतात?"

"स्फॅक्सला. शाळेत शिकवतात."

मुलीने वहीत नाव लिहिलं. आर्मेल फळ्यापासून निघून तिच्या बाकापाशी गेली, आणि तिने उलट्या बाजूनेच वाचलं.

"असं नाही," ती म्हणाली. "झेडनंतर जी. आणि मग एच."

मुलीने खोडलं, परत लिहिलं. शेवटचं अक्षर लिहून होईपर्यंत आर्मेल तिथून हलली नाही.