पुढच्या दारानं आलेली बादली

सासऱ्यांनी कत्तलखान्यात तीस वर्षं काढली, पण घरात कामाचा विषय निघू द्यायचे नाहीत. बूट मागच्या दाराबाहेर, अंघोळ मागच्या नळावर, मगच घरात पाऊल. गल्ली नाक मुरडते म्हणून हा सगळा खटाटोप. तीच गल्ली मटण चाटूनपुसून खाते, ते सोडा.

सुनेच्या चाळीस कोंबड्या होत्या. एकेक तिनं तळहातावर वाढवलेली. पण खाद्य परवडेना, म्हणून महिनाअखेरीला त्या विकायचं ठरलं. कोंबड्या तपासायला येणाऱ्या पशुवैद्य बाईंना हे कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांच्या कामावर रक्त गटारात जातं. भातगिरणीमागे कोंडा जाळतात. दोन्ही एकत्र उकळून कडक वाळवा. कोंबड्यांना आणखी काय हवं?"

"तिथलं काहीही या घरात येणार नाही," सुनेनं घरी सांगताच सासरे म्हणाले.

"मामंजी, हे घर त्याच कामावर उभं राहिलंय ना?"

ते उठून मागच्या दारानं बाहेर गेले. ऐकेल तर ती सून कसली. तिनं स्वतःच रक्ताची बादली आणि कोंडा आणला, एकत्र उकळलं, आणि घाईघाईत वाळायला जाड थर पसरला. दोन दिवसांत आळ्या पडल्या. वासानं हैराण झालेली शेजारीण दारात येऊन कडाडली, "असल्या घरातून दुसरं काय येणार?"

"चूक माझी आहे," सून म्हणाली. "त्यांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत."

आतून सासऱ्यांनी ते ऐकलं. जरा वेळानं ते तिच्याजवळ येऊन बसले.

"रक्त ताजं घ्यायचं, लगेच उकळायचं. थर बोटाच्या पेराहून पातळ ठेवायचा आणि सारखा हलवायचा. मला विचारायचं होतंस, पोरी. तीस वर्षं मी काय झोपा काढल्या?"

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते झाकलेली बादली घेऊन गल्लीतून ताठ मानेनं चालत आले आणि पुढच्या दारानं घरात शिरले! बूट पुढच्याच पायरीवर काढले, सगळ्यांना दिसतील असे. सुनेनं पुढं होऊन बादली हातात घेतली.

खाद्याचा खर्च सुटला, तेव्हा महिनाअखेरीला कोंबड्या न्यायला आलेला व्यापारी रिकामे पिंजरे घेऊन परतला. पुढे शेजारणीनंच विचारलं, "तुमच्या कोंबड्या एवढ्या ठणठणीत कशा हो?"

"माझ्या कामावरचं खातात," सासरे म्हणाले. "डबा घेऊन या, शिकवतो."

मंडळी, आपण जे गटारात सोडतो आणि जाळून टाकतो, त्यावर मुकी जनावरं पोसता येतात. आणि ते काम जाणणाऱ्या माणसाला मागच्या दारानं यायची वेळ आपण आणू नये.