आस्गरचं कुंपण

आस्गर थोरुपने उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवलं होतं. रोज एका चिमुकल्या गाडीत अनोळखी माणसाला खेटून बसायचं आणि तो भलत्याच ठिकाणी पाय दाबेल म्हणून जीव मुठीत धरायचा. निवृत्त झाल्यावर त्याला एवढंच हवं होतं, की शेजारी कुणी नसावं. डेन्मार्कमधल्या ओडन्स शहराच्या कडेला, बैठ्या घरांच्या गल्लीत त्याचं घर होतं. भोवती त्याने डोक्याच्या वर जाईल असं दाट हिरवं कुंपण वाढवलं, आत खुर्ची टाकली आणि तो सुखाने एकटा बसू लागला.

पलीकडच्या घरातल्या बोडिलला मात्र ते सुख बघवेना. बोडिल शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळा सुटली तरी घंटा तिच्या डोक्यात वाजतच होती. तिने गल्लीतल्या सगळ्यांना गोळा केलं.

"आपण एवढे शेजारी, आणि प्रत्येकाची हिरवळ वेगळी, शिडी वेगळी, स्वयंपाक वेगळा! पाडा ती कुंपणं. एक मोठं अंगण करू, एकत्र जेवू."

लोकांना पटलं. कुंपणं भराभरा उपटली गेली. यॉर्न सुतार होता. त्याने आपलं गॅरेज सगळ्यांच्या स्वयंपाकघरासाठी दिलं आणि आत लांबलचक टेबल ठोकलं. एकटा आस्गर अडून बसला.

"माझ्या कुंपणाला हात लावलात तर याद राखा!"

"कोण लावतंय?" बोडिल गोड हसली. "आपल्याकडे लोकशाही आहे. तुला आपणहून वाटेल तेव्हा ये."

त्यामुळे झालं असं, की भल्यामोठ्या मोकळ्या हिरवळीच्या ऐन मधोमध आस्गरचं कुंपण एखाद्या हिरव्या खोक्यासारखं उभं राहिलं.

थोड्याच दिवसांत फाटक करकरलं. यॉर्न आत आला आणि त्याने कोटाखालून गरम सॉसेज काढलं.

"आस्गर, मी पान्हा मागायला आलोय असं समज."

"पण ते सॉसेज आहे."

"हळू बोल ना! तिकडे ठराव झालाय, फक्त शाकाहार. आठवडाभर डाळीचं सूप पितोय मी. आता रंधा धरला तरी हात थरथरतात."

तो उभ्या उभ्या खाऊन गेला. जाताना मोहरीच्या सॉसची बाटली मात्र तिथेच ठेवून गेला, तेव्हा आस्गरच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतलीच विबेके आली. ती दवाखान्यात परिचारिका होती. फोन कानाला लावूनच ती आत घुसली आणि बहिणीवर जी तुटून पडली, की कुंपणातल्या चिमण्या उडाल्या.

"हे तुझ्या घरी कर ना!" आस्गर वैतागला.

"घरी? अरे, जरा आवाज चढला की कुणीतरी येऊन मिठी मारतं! मला मिठी नकोय, भांडायचंय!"

मग जो तो येऊ लागला. कुणाला डुलकी काढायची होती, कुणाला नुसतंच तोंड पाडून बसायचं होतं. आस्गरने नाइलाजाने खुर्च्या वाढवल्या. आलेल्याला कॉफी न विचारणं त्याला जमेना, आणि कॉफी चांगली आहे अशी कुजबुज बाहेर पसरली.

एका शनिवारी दुपारी आस्गरचं अंगण गच्च भरलेलं असताना कुंपणाच्या बुडाशी सळसळ झाली आणि फांद्यांतून चक्क बोडिलचं डोकं बाहेर आलं. केसांत पाला, तोंडात सिगारेट. तिचं सिगारेटचं व्यसन सुटलं म्हणून सगळ्यांनी मिळून तिच्या सत्काराचा केक नुकताच कापला होता.

यॉर्नचा घास गालातच राहिला.

"फाटक आहे ना, बोडिल," आस्गर म्हणाला.

"फाटकातून आले असते तर दिसले असते!" ती कपडे झटकत उभी राहिली. पण मुख्याध्यापिका ती, कितीशी वरमणार? "बरं झालं, सगळे इथेच आहात. फार गर्दी होते इथे. आपण पाळ्या लावू या."

"पाळ्या? माझ्या अंगणात?" आस्गर ओरडला.

"ओरडू नकोस रे," विबेके कळवळून म्हणाली, "लोक इथे शांततेसाठी येतात."

आस्गरने कॉफीची किटली आपटली आणि तो तरातरा फाटकाबाहेर निघून गेला.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. अख्खी हिरवळ ओस पडलेली. गॅरेजात गेला तर तिथेही कुणी नाही. लांबलचक टेबल आणि मंद आचेवर रटरटणारं सूप. त्याने वाडगा भरला, राय धान्याच्या काळ्या पावाला लोणी फासलं आणि टेबलाच्या टोकाला बसला. किती शांत! सूप अळणी होतं. त्याने उठून मीठ घातलं, चव पाहिली, थोडी दालचिनीची पूडही घातली, आणि खुदकन हसला. पातेलं मोठं होतं, ढवळायला कुणी नव्हतं, म्हणून तो ढवळत बसला.

तासाभराने बोडिल शोधत आली.

"रागावलास?"

"मला सभासद करून घ्या," आस्गर म्हणाला. "रोजचा स्वयंपाक माझ्याकडे. अट एकच, शिजेपर्यंत तुम्ही सगळ्यांनी तिकडे माझ्या अंगणात बसायचं. इथे कुणी फिरकायचं नाही."

बोडिलने चमचा बुडवून सूप चाखलं. तिच्या भुवया वर गेल्या.

"यात दालचिनी कुणी घातली?"

"मी. का, बिघडलं?"

"नाही," ती दुसरा चमचा भरत म्हणाली, "पण यॉर्नला सांगू नकोस. तो परत जेवायला येऊ लागेल आणि मला कमी पडेल."