सत्तावन्नाव्या घरापाशी

एका म्हाताऱ्या माणसाला मी भर सभेत बोलता बोलता थांबवलं. त्याची चार घरं सांगायची राहिली होती आणि त्यातलं शेवटचं त्याचं स्वतःचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागणार याची मला खात्री आहे. शुभा, माझी बायको, म्हणते की मला चूक कबूल करतानाही वकील लागतो.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं घड्याळ माझ्याकडे आहे. आपल्या माणसाच्या हातात माइक देणं सोपं, काढून घेणं महाकठीण. पुण्याचा असो, नागपूरचा असो, प्रास्ताविकाचंच गुऱ्हाळ पाऊण तास चालतं. मी घंटी वाजवून पाहिली, तर वक्ते घंटीवरच विनोद करून आणखी दहा मिनिटं घ्यायचे. चिठ्ठी पाठवली, तर ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेवटी मला एक युक्ती सापडली. पाण्याचा भरलेला ग्लास घेऊन मी स्वतः स्टेजवर जातो, अदबीनं वक्त्यासमोर ठेवतो, आणि ग्लासाखाली घडी घातलेली चिठ्ठी असते, ‘दोन मिनिटांत संपवा’. पाणी घेऊन आलेल्या माणसावर चारचौघांत चिडता येत नाही. आता आमच्या मंडळात चिठ्ठीसुद्धा लागत नाही. मी ग्लास घेऊन उठलो की वक्ता आपोआप आभारावर येतो, आणि या कर्तबगारीचा मला फार अभिमान होता.

आमची एकुलती एक मुलगी प्रीता, इथेच जन्मलेली. आमच्या ओळखीतली बाकीची मुलं डॉक्टर झाली, नाहीतर डेटा सायन्समध्ये गेली. हिनं पीएचडीला घेतला बोस्निया. बाल्कनमधला तो छोटा डोंगराळ देश तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच्या युद्धात होरपळला, आणि तिथून बाहेर पडलेली बरीच माणसं शिकागोच्या आसपास येऊन स्थिरावली. मंडळात कोणी विचारलं की मी ‘हिस्टरी करते’ एवढंच सांगून विषय बदलायचो. मला त्या विषयाची लाज वाटत होती असं नाही, पण समोरच्याला समजावून सांगण्याएवढा अभिमानही वाटत नव्हता. आज हे लिहिताना वाईट वाटतं.

प्रीताचं संशोधन एका खेड्यावर होतं. नदीवरच्या पुलापासून डोंगराच्या उतारावर चढत गेलेली एकसष्ट घरं, आणि युद्धानंतर त्यातलं एकही नांदतं राहिलं नाही. कुठल्या घरात कोण राहत होतं, कोण मेलं, कोण जगलं आणि आता कुठे आहे, याचा नकाशा ती करत होती. तिला ही सगळी माहिती देणारा माणूस म्हणजे हमदिया. वय अठ्ठ्याहत्तर. विमानतळावर वीस वर्षं साफसफाईचं काम करून निवृत्त झालेला. चार वर्षं ती महिन्यातल्या एका रविवारी त्याच्या घरी जात होती. तो एका बैठकीत एक-दोन घरं सांगायचा, आणि क्रम कधी मोडायचा नाही. पुलापासून सुरुवात करून वर, जसं माणूस चालत घरी जाईल तसं.

साठ घरं झाल्यावर तो थांबला. एकसष्टावं, सगळ्यात वरचं घर त्याचं होतं. त्याचा मुलगा तेवीस वर्षांचा असताना युद्धातल्या एका उन्हाळ्यात नाहीसा झाला. बरोबरच्या इतरांची हाडं पुढे सापडली, त्याची सापडली नाहीत. त्यामुळे हमदियानं मुलगा गेला असं आजवर तोंडातून काढलं नव्हतं. फॉर्मवर मुलाच्या रकान्यात तो रेघ मारायचा. त्याची बायको झुम्रा हिनं बारा-पंधरा वर्षांपूर्वीच मनाशी मानलं होतं. तिला मुलासाठी त्यांच्यात मृतासाठी करतात ती प्रार्थना करायची होती, शेजारणींना बोलावून, रीतसर. पण मुलगा गेला असं बाप म्हणत नाही तोवर आईनं ती करायची कशी? ती थांबली होती.

तर या हमदियानं प्रीताला सांगितलं की ते शेवटचं घर मी तुझ्या रेकॉर्डरला सांगणार नाही. असली गोष्ट शेजाऱ्यांसमोर सांगायची असते. तू आमच्या गावच्या लोकांना एकत्र बोलव, मी पुलापासून सुरू करीन आणि माझ्या घरापर्यंत येईन.

म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रीतानं कार्यक्रम ठेवला. आधी तिच्या गाईडचं तिथल्या जुन्या पुलांवर व्याख्यान, मग हमदिया. गावातली माणसं सेंट लुईसहून पाच तास गाडी चालवत आली, एक बाई स्वीडनहून आली. मी आपणहून व्यवस्था अंगावर घेतली. इतकी वर्षं हिच्या कामाकडे काणाडोळा केला, निदान हा कार्यक्रम तरी घड्याळाच्या काट्यावर करून दाखवू, असं माझ्या मनात होतं. आदल्या दिवशी गाडीत प्रीतानं मला सगळं सांगितलं, मुलाचं, झुम्राचं, सगळं. शेवटी म्हणाली, “बाबा, हमदियाकाकांना टाइम लिमिट नाहीये, ओके? प्लीज. ही हॅज टू फिनिश.”

मी हो म्हटलं. तेव्हा माझ्या डोक्यात खुर्च्या होत्या. ऐंशी मागवल्या होत्या आणि साठच येतील की काय याची चिंता.

गाईडसाहेबांना पंचवीस मिनिटं दिली होती. त्यांनी पन्नास घेतली. स्लाइडमागून स्लाइड, एकाच कमानीचे सात फोटो. मी दोनदा ग्लास भरला आणि दोनदा खाली ठेवला. ज्या माणसाच्या सहीवर माझ्या मुलीची पदवी अडकलेली, त्याच्यासमोर पाणी घेऊन जायची माझी छाती झाली नाही. मंडळात भल्याभल्यांना गप्प करणारा मी तिथे हाताची घडी घालून मान डोलावत बसलो.

मग हमदिया उभा राहिला. इस्त्रीचा कोट, हातात कागद नाही. तो त्याच्या भाषेत एकेक घर सांगायचा आणि शेजारी उभी राहून प्रीता ते इंग्रजीत करायची, म्हणजे दुप्पट वेळ. पहिलं घर गिरणीवाल्याचं, दोन मुलगे, एक ऑस्ट्रियात, एक नाही. दुसरं घर मधमाश्या पाळणाऱ्या विधवेचं. ‘नाही’ म्हणताना तो जरा थांबायचा आणि त्या घरचं कोणी हॉलमध्ये असेल तर त्यांच्याकडे बघायचा. ते मान हलवायचे, मग तो पुढच्या दाराशी जायचा. मी हे सगळं पाहिलं. पण खरं सांगायचं तर मी जास्त वेळ भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो. साडेचारला हॉल सोडायचा होता. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली.

मी ग्लास भरला.

प्रीतानं मला येताना पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे, लोकांसमोर असं होतं. मी अदबीनं ग्लास ठेवला, खालच्या इंग्रजी चिठ्ठीचं टोक दिसेल असा. हमदियानं चिठ्ठी उघडून वाचली. वीस वर्षं सुपरवायझरच्या चिठ्ठ्यांवर काम केलेला माणूस तो, त्यानं वाद घातला नाही. प्रीताला हळू काहीतरी विचारलं. ती पुन्हा पुन्हा ‘नाही, बोला, बोला’ म्हणत होती, तिनं त्याचा हातही धरला. त्यानं तिचा हात थोपटला आणि माइककडे वळून मोडक्या इंग्रजीत सर्वांचे आभार मानले, लायब्ररीचेसुद्धा. मग तो खाली जाऊन बसला. पुढच्या रांगेत झुम्रा अर्धवट उठली होती, ती तशीच थोडा वेळ राहिली. विद्यापीठातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावच्या लोकांनी नाही वाजवल्या.

खुर्च्या आवरताना लायब्ररीच्या बाई येऊन म्हणाल्या की नंतर कोणाचं बुकिंग नव्हतं, तुम्ही पाचपर्यंत बसला असता तरी चाललं असतं. मी विचारलंच नव्हतं.

परतताना प्रीता घराच्या वळणावर एवढंच म्हणाली, “फोर हाउसेस, बाबा. चारच राहिली होती.” मी लगेच उपाय सांगायला लागलो. पुढच्या महिन्यात अख्ख्या दिवसाचा हॉल घेऊ, सगळ्यांना परत बोलावू, मी स्वतः फोन करतो. ती खिडकीबाहेर बघत होती. मी बोलत राहिलो, कारण गप्प बसलो असतो तर रडलो असतो.

तिनं हमदियाला पुन्हा विचारलं, दोनदा. दोन्ही वेळा त्यानं तिला कॉफी पाजली, पेअरच्या झाडांवर गप्पा मारल्या आणि नको म्हटलं. मे महिन्यात तिनं प्रबंध दिला. नकाशावर सगळ्यात वरच्या घराखालची जागा कोरी आहे. गाईडसाहेबांनी म्हणे तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहायला सुचवलं होतं. तिनं ऐकलं नाही, आणि त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. पण ते तिला सांगायचा हक्क मी घालवून बसलो होतो.

जूनमध्ये एका दुपारी मी एकटाच हमदियाकडे गेलो. शुभानं केलेले बेसनाचे लाडू घेतले आणि वाटेत चार वेळा वाक्य पाठ केलं. दार त्यानंच उघडलं. प्रीताचे वडील म्हटल्यावर त्यानं मला मिठीच मारली, आत नेऊन सोफ्यावर बसवलं, झुम्रा कॉफी घेऊन आली. मी कॉफीला हात लावायच्या आधी बोलून टाकलं. म्हटलं, माझं चुकलं. प्रीतानं मला बजावलं होतं, तरी मी तुम्हाला थांबवलं. वेळ भरपूर होता. मला क्षमा करा.

हमदिया हसला. चुकल्यावर समोरचा माणूस समजूतदारपणे हसतो तसं नाही, चांगला खुशीत हसला. “चूक नाही,” तो म्हणाला. “अजिबात चूक नाही. तुम्ही बरोबर वेळेला आलात.”

मी पुन्हा सांगू लागलो तर त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि लाडूचा डबा उघडला. दोन लाडू खाल्ले. माझी नोकरी, माझं गाव, तिथे कुठली फळं होतात, सगळं विचारलं. मला हापूसबद्दल इंग्रजीत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. आपल्या फोनची रिंग वाजते का हे त्यानं एकदा मला बघायला सांगितलं, कधीकधी आवाज आपोआप बंद होतो म्हणाला. मी तपासून दिला, व्यवस्थित होता. तासाभरानं उठलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. इतक्या मोठ्या मनाचा माणूस, मी उगाच दोन महिने स्वतःला खात होतो, असंच वाटत होतं.

झुम्रा मला पोचवायला गाडीपर्यंत आली. तिनं हॉटेलात खोल्या आवरण्याचं काम केलेलं, त्यामुळे तिचं इंग्रजी नवऱ्यापेक्षा बरं. मी गाडीचं दार उघडलं तरी ती बाजूला झाली नाही.

“तुम्हाला कळलं ना, तो काय म्हणाला ते?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, त्यांनी मला माफ केलं.

“माफ नाही केलं. त्याला वाटतं, मुलानं थांबवलं.” ती सावकाश, शब्द शोधत बोलत होती. “म्हणतो, मी घराच्या इतक्या जवळ आलो होतो, आता तोंडातून काढणारच होतो, आणि कुठला कोण परका माणूस येऊन थांब म्हणतो. आमचं काही माहीत नसलेला. म्हणतो, मुलगा जिवंत आहे, त्यानं पाठवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तयार झाला होता हो. कोट मी इस्त्री करून दिला. आता परत फोन उशाशी घेऊन बसतो.”

मी तिला म्हटलं की मी आत्ता वर येतो, त्यांना सांगतो की तसं काही नाही. मला कोणी पाठवलं नव्हतं, तो माझा मूर्खपणा होता, माझी सवय होती. प्रीतानं मला सगळं आधी सांगितलं होतं, मला सगळं माहीत होतं. हे त्यांना कळलंच पाहिजे. मी खरोखरच जिन्याकडे निघालो.

झुम्रानं माझं मनगट पकडलं. तिच्या हातात जोर होता.

“नको,” ती म्हणाली. “आज बोललात तेवढं पुरे, आज त्यानं ऐकलं नाही. पुन्हा येऊन माफी मागू नका. तुमची चूक होती असं त्याला पटलं, तर माझा मुलगा मेला. आणि ते त्यानं तुमच्याकडून ऐकायचं नाही.”

तिनं मनगट सोडलं आणि मला नीट गाडी चालवा म्हणून सांगितलं. शुभाला लाडू फार छान झाले होते असं कळवा, असंही म्हणाली. मग ती वर गेली, त्याच्याबरोबर वाट बघायला.